बारा नंबरच्या खाटेसाठी

१४ सप्टेंबर, मंगळवार

प्रिय ताई,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम. आपले पत्र शनिवारी पोचले. साडूंचा गुडघा आता जिना चढू देतो हे वाचून समाधान वाटले. माझी प्रकृती ठीक आहे. जेवण वेळेवर होते, झोप सहा तास लागते. दूधवाल्याला अर्धा लिटर कमी करण्यास अखेर सांगितले. ते एक वाक्य उच्चारायला मला सात आठवडे लागले. तोवर उरलेले दूध रोज सकाळी मोरीत ओतत होतो.

आपण दोन गोष्टी कळवल्या आहेत. येत्या रविवारी मी चर्चमधील उपासनेत सर्वांसमोर आपल्या विश्वासाची साक्ष द्यावी, ही एक. दुसरी, शिवणवालीला शनिवारी रुग्णालयातून सुट्टी मिळताच तिला माझ्या घरी आणायचे आणि मंडळीतील एक भगिनी सकाळ-संध्याकाळ तिचे करायला येईल. आपण लिहिता, "भाऊजी, आमच्या चिमीनं जाता जाता तिला दिलेला शब्द तुम्ही पाळताय. जिवंत विश्वास म्हणतात तो हाच."

साक्ष देण्यास माझा नकार आहे. कारण सांगणे भाग आहे, परंतु ते कोठून सुरू करावे हे ठरत नाही. म्हणून जे रोज घडते ते आधी लिहितो.

आपल्या बहिणीची खाट अकरा नंबरची होती, शिवणवालीची बारा. शाळेच्या गणवेशांना कॉलर लावण्यात या बाईची सदतीस वर्षे गेली. अर्धांगाच्या झटक्याने तिचा उजवा हात गेला. नात्यागोत्याचे कोणी नाही. माझ्या घरी आली नाही, तर तिला निराधारगृहात पाठवतील. ते मी पाहून आलो आहे. एका सभागृहात चाळीस खाटा आणि दोन खिडक्या आहेत. आपल्या बहिणीच्या अंत्यविधीनंतर तिसऱ्या दिवसापासून मी रोज चार वाजता वॉर्डात जातो व तिला चमच्याने सूप भरवतो. प्रयोगशाळेत पाणी तपासण्यात जन्म गेलेल्या माणसाची सवय जात नाही. प्रत्येक चमचा मी उजेडात धरून बघतो. ती परवा म्हणाली,

"अहो साहेब, सूप आहे ते, नमुना नाही! गार व्हायच्या आत तोंडापर्यंत येऊ द्या की."

शेजारच्या बायका हसल्या. मी रुमालाने तिची हनुवटी पुसली. मला हसू आले नाही, रागही आला नाही. ताई, मला काहीच वाटत नाही. अंत्यविधीच्या वेळी मी रडलो नाही, तेव्हा पाळकसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून "केवढा हा विश्वास!" असे उद्गार काढले होते. मी त्यांचे म्हणणे खोडून काढले नाही.

आता मूळ गोष्ट.

आपल्या बहिणीचा दंडक होता की चार वाजता भेटायला आल्यावर मी दोन्ही खाटांच्या मधल्या स्टुलावर बसून दोघींसाठी प्रार्थना करावी. "एकटीसाठी मागाल तर मी आमेन म्हणणार नाही," असे तिने बजावले होते. ज्या गुरुवारी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून आता करण्यासारखे काही उरले नाही असे सांगितले, त्या दिवशीही मी आत येऊन स्टुलावर बसलो. दोघींचे डोळे मिटलेले होते, झोप लागली असावी असे मला वाटले. मी हात जोडले आणि म्हणालो, "प्रभो, या दोघींपैकी एकीला तू नेणारच असशील, तर बारा नंबरच्या खाटेवरील भगिनीला ने. तिच्यामागे रडणारे कोणी नाही."

अगदी असेच. माझी वाक्यरचना त्याही वेळी निर्दोष होती.

सोमवारी पहाटे अकरा नंबरची खाट रिकामी झाली. आपण ज्याला सेवा म्हणता, ती याच्यानंतरची आहे. ती प्रेमातून होते की भीतीतून, हे मला तपासता येत नाही.

हे पत्र आज पाठवत नाही. जिच्या मरणाची मी मागणी केली, तिला न सांगता तिला माझ्या छपराखाली आणणे ही फसवणूक ठरेल. सांगितले, तर ती यायला नकार देईल, आणि माझ्या मनाच्या स्वच्छतेपायी त्या चाळीस खाटांत जाईल. दोन दिवस विचार केला. सांगणार आहे.

१६ सप्टेंबर, गुरुवार

सांगितले. सूप संपेपर्यंत थांबलो, कारण उपाशीपोटी असे ऐकवणे योग्य वाटले नाही. प्रार्थनेचे शब्द जसेच्या तसे सांगितले. ती डाव्या हाताने चादरीचा काठ चाचपत राहिली. शिवण तपासावी तसा. मग म्हणाली,

"ठाऊक आहे मला. झोपले होते कुठे मी? तुमचा आवाज काय हळू आहे होय?"

मी रिकामी वाटी खाली ठेवली.

"आणि सांगू का, मी आमेन म्हटलं. मनातल्या मनात नाही, तुमची पाठ वळल्यावर चांगलं तोंडानं म्हटलं. मला तरी जगून कुणाच्या कॉलरी लावायच्या होत्या? म्हटलं, होऊ दे यांच्या मनासारखं. पण वरच्यानं ना तुमचं ऐकलं, ना माझं."

"माफ करा," असे मी म्हटल्याचे आठवते.

"थांबा, पुढं ऐका. तुमची बायकोही जागीच होती."

ताई, हे मला ठाऊक नव्हते. सात आठवडे मी स्वतःला एकच आधार देत आलो होतो, की निदान तिने ते ऐकले नाही.

शिवणवालीने सांगितले ते असे. मी निघून गेल्यावर आपली बहीण बराच वेळ छताकडे पाहत होती. मग तिने हात लांबवून हिच्या खाटेचा दांडा धरला आणि म्हणाली, "त्यांचं मनावर घेऊ नका हं. घाबरले की ते फार शुद्ध बोलतात." थोड्या वेळाने म्हणाली, "आणि तुम्ही हो! आमेन काय म्हणता? एकाला मागायची अक्कल नाही, दुसरीला नाही म्हणायची! इथून सुटलात की सरळ आमच्या घरी जा. मी असेन, नसेन. दोघं एका छपराखाली राहाल, तर एकमेकांना थोडं तरी शहाणपण शिकवाल."

तो शब्द तिने असा दिला होता. आपण सर्व जण त्यास तिच्या करुणेचा अखेरचा उद्गार म्हणतो. माझ्याकडून जे फाटले, ते तिने पडल्या पडल्या शिवायला घेतले होते, आणि मला तिने एका शब्दाने विचारले नाही. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा तिने माझ्या सदऱ्याची सुटलेली गुंडी लावून दिली आणि "जेवलात का?" एवढेच विचारले.

मी शिवणवालीला विचारले की ती माझ्या घरी येणार का.

"येते की. जाऊ कुठं? पण एक सांगते साहेब, माझ्यासाठी काही मागायचं असलं तर आधी मला विचारायचं."

मी होकार दिला. आजही मला रडू आले नाही. वॉर्डातून बाहेर पडलो तेव्हा मात्र फाटकापाशी काही वेळ उभा राहिलो, कारण घरी कोणत्या बाजूने जायचे ते आठवेना.

रविवारी माझे नाव घेऊ नये. साक्ष द्यायचीच असेल, तर हे पत्र वाचून दाखवण्याची आपणांस मोकळीक आहे. किंवा साडूंना दाखवून ठेवून द्यावे. आपल्याला योग्य वाटेल ते करावे.

एक विनंती आहे. शिवणवालीच्या कपड्यांसाठी आपल्या बहिणीच्या कपाटाचा एक कप्पा मोकळा करावा लागेल. ते कपाट मी अजून उघडलेले नाही. आत काय कोणत्या क्रमाने ठेवले आहे ते मला ठाऊक आहे, तरीही उघडलेले नाही. टॅक्सी शनिवारी अकरा वाजता सांगितली आहे. आपण नऊ वाजता याल का? आपण उघडा. मी शेजारी उभा राहीन.

आपला,
तिने ज्याला काही विचारले नाही, तो तिचा नवरा