बिनशिक्क्याच्या चार फळ्या

सरोजिनी नगर, लखनौ

ती. सुलभाताईस उत्कर्षाचा नमस्कार.

मी मजेत आहे, आईला तेवढंच सांग. तिचा गुडघा कसा आहे?

पुढचं तुझ्यापुरतं. आमच्या फर्निचर कारखान्यात जंगल न ओरबाडता तोडलेलं, प्रमाणपत्राचं लाकूड येतं. जंगलापासून गिऱ्हाइकापर्यंत त्यात साधं लाकूड मिसळू द्यायचं नसतं, नाहीतर प्रमाणपत्र जातं. हे सांभाळायचं काम मला मिळेल असं वाटलं होतं. मिळालं माझ्यामागून आलेल्या मैत्रेयीला.

सोमवारी तपासणी होती. शनिवारी तिच्या गोदामात, प्रमाणित थप्पीत, मला बिनशिक्क्याच्या, म्हणजे साध्या लाकडाच्या, चार फळ्या दिसल्या. मी काही न बोलता घरी आले. रविवारभर तिची फजिती मनात रंगवली. ताई, मला बरं वाटत होतं गं.

सोमवारी सकाळी तिलाच त्या सापडल्या. तिने त्या बाजूला काढल्या आणि तपासनिसांना आपणहून चूक सांगितली. प्रमाणपत्र टिकलं. साहेबांनी तिचं सगळ्यांसमोर कौतुक केलं, तेव्हा माझ्या पोटात दुखलं.

जेवताना ती म्हणाली, "दीदी, आपको पहले दिख जातीं तो आप ज़रूर बता देतीं."

मी "हाँ" म्हणाले आणि तिने वाढलेली भाजी खाल्ली.

तुझीच,
उत्कर्षा