दुसरी केबल

रविवार, ता. ९
सकाळचे साडेआठ

चि. सूनबाई,

आशीर्वाद. हिचा गुडघा आता बरा आहे, जिना चढते. मागच्या खोलीतला गळका नळ मी स्वतः दुरुस्त केला. आता तो जास्त गळतो. बाकी घरी सगळं ठीक.

हे पत्र आमच्या चिरंजीवांच्या हाती तुझ्या गेस्ट हाऊसवर पाठवतोय. फोन तीनदा उचलला आणि ठेवला. काही गोष्टी मला तोंडाने जमत नाहीत.

आधी डब्याबद्दल. मी एकतीस वर्षं ज्या कारखान्याचं सुरक्षा पॅनेल सांभाळलं, त्याच्याच सरकारी तपासणीला तू आलीस, आणि घर दहा मिनिटांवर असताना गेस्ट हाऊसवर उतरलीस. हिने हौसेने डबा पाठवला, तो ‘तपासणी संपेपर्यंत घरचा घासही नको, आई’ अशा चिठ्ठीसकट परत आला. ही दोन दिवस फुगून बसली होती. खरं सांगतो, मीही चिडलो होतो. त्यात तुझा बंदचा आदेश निघाला आणि जुन्या सहकाऱ्यांचे फोन सुरू झाले. “काका, सूनबाईंनी कारखान्याला कुलूप ठोकलं हो!” मी काय बोलणार? लग्न ठरलं तेव्हा ‘कारखान्यातले स्क्रू मोजणारी सून’ म्हणून तुला हिणवणारा मीच.

बुधवारी मॅनेजरसाहेबांनी मला जुना माणूस म्हणून बोलावून घेतलं. तुला काम करताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तू सुरक्षा पॅनेलखाली गुडघ्यांवर बसली होतीस, दातांत टॉर्च धरून. एकेक वायर बोटांनी चाचपत शेवटपर्यंत जायचीस, परत यायचीस. दोन तास. मधे चहा आला आणि गार झाला. वायरिंगच्या नकाशात अकरा वायरी होत्या, तू मोजल्यास बारा. त्या पॅनेलसमोर माझी उमर गेली, पण त्याच्याकडे असं मी कधी पाहिलं नव्हतं.

साहेब म्हणाले, “मॅडम, इतक्या वर्षांत काही झालेलं नाही.”

तू न उठताच म्हणालीस, “काही झालं नाही, हे नशीब आहे साहेब. मला व्यवस्था तपासायची आहे.”

मग तू सगळ्यांना बसवून समजावलंस. रिॲक्टरमधला दाब वाढला की माणसाची वाट न पाहता वाफ तोडणारं हे पॅनेल. ते एकटं, सगळ्यांपासून तुटलेलं हवं. पण बारावी वायर त्याला ऑफिसच्या कॉम्प्युटरशी जोडत होती, आणि तो कॉम्प्युटर इंटरनेटवर. महिन्याभरात बाहेरच्या कोणीतरी तीनदा तिथून आत शिरून पॅनेलचं दार चाचपलं होतं. चौथ्यांदा ते उघडलं असतं, तर दाब वाढताना पॅनेल गप्प राहिलं असतं. तू आवाज चढवला नाहीस, कोणाला घालूनपाडून बोलली नाहीस. नेहमी वाद घालणारा फिटरसुद्धा मान खाली घालून ऐकत होता. अभिमानाने माझा ऊर भरून आला.

मग तू माझ्याकडे वळलीस. “बाबा, ही केबल कोणी ओढली, आठवतंय?”

“इतकी वर्षं झाली,” मी म्हणालो. “कोण लक्षात ठेवतो?”

तू क्षणभर माझ्याकडे पाहिलंस आणि लिहायला लागलीस. काल फाटकावर लावलेला तुझा तपासणी अहवाल वाचला. पहिल्याच ओळीत, ‘तपासनिसाचे सासरे या कारखान्यात नोकरीस होते.’ तेव्हा डबा परत का आला ते कळलं, हिलाही समजावलंय. ‘आपला तो बाब्या’ हा न्याय तुझ्याकडे चालत नाही. आणि केबलच्या रकान्यात तू लिहिलं होतंस, ‘माहिती मिळाली नाही.’ ‘माहिती नाही’ असं नव्हे. चोराच्या मनात चांदणं म्हण हवं तर, पण फाटकापाशी मी ते एक क्रियापद कितीदा वाचलं, ते माझं मला माहीत.

केबल मी ओढली. चौदा वर्षांपूर्वी, सुट्टीच्या दिवशी, नोंद न करता. साहेबांना खुर्चीत बसून दाब दिसावा म्हणून. त्यांनी पाठ थोपटली, मी महिनाभर हवेत होतो.

एवढंच असतं तर कदाचित मी गप्पच राहिलो असतो. माझी तेवढीच लायकी. पण अजून एक केबल आहे.

ती पॅनेलमधून निघत नाही. पॅनेलच्या वायरी वरच्या मजल्यावर ज्या जोडणीच्या पेटीत जातात, तिच्यातून निघते, म्हणून तुझ्या मोजणीत आली नाही. भिंतीच्या गिलाव्यातून प्रयोगशाळेतल्या कॉम्प्युटरला जाते, आणि तोही ऑफिसच्या कॉम्प्युटरला जोडलेला आहे. ती कोणासाठी ओढली? माझ्यासाठी. पॅनेलरूममध्ये उकडायचं आणि प्रयोगशाळेत एसी होता. सव्वाशे माणसांच्या जिवाशी जोडलेलं पॅनेल मी गारव्यात बसता यावं म्हणून उघडं ठेवलं. आजवर हे हिलाही सांगितलेलं नाही.

बारावी वायर काढली म्हणून उद्या दुपारी दोनला कारखाना पुन्हा सुरू व्हायचा आहे. तो सुरू होऊ देऊ नकोस. शिफ्ट इंजिनिअरला मी आत्ताच फोन करून एवढं सांगितलं की मॅडमचा निरोप आल्याशिवाय कशाला हात लावू नकोस. सोबत कागदावर भिंत काढून दिली आहे, फुली मारलेल्या ठिकाणी गिलावा फोडायचा. मी आजच दहा वाजता फाटकावर येतो. म्हातारा सासरा म्हणून खुर्ची देऊ नकोस. इतर कोणाला विचारशील तसं सगळ्यांसमोर विचार. या वेळी मला आठवेल.

रकान्यात माझं नाव घाल. कमी-जास्त काही करू नकोस. तू करणारही नाहीस. तेवढ्याच भरवशावर हे लिहिण्याचं धाडस झालं.

खालची सही जबाब म्हणून धर.

दोन्ही केबली ओढणारा,
तुझा
बाबा