अकरा खेळाडू पुरे झाले की

इंझोरी, ता. मानोरा
मंगळवार, २१ जानेवारी २०२५

प्रिय निता,

तू आणि मोहनसिंग भाऊजी खुशाल असाल. आमची तूर निघाली, हरभरा घाट्यावर आला आहे. जमनाबाईंचे गुडघे थंडीने धरले आहेत, पण तोंड शाबूत आहे. तुझ्या सासूचं ते कधी बिघडायचं नाही.

तुमच्या टोळीतला भाऊसिंग हे पत्र तुझ्या हातात देईल तेव्हा तुझी रविना त्याच्या मागे उभी असेल. घाबरू नकोस, पोर आजारी नाही. घरची तेरवी आटोपून तो परत ऊसतोडीच्या फडावर निघालाय असं कळलं आणि मीच तिला त्याच्यासोबत पाठवलं. आधी तिला जेवू घाल. गाडीत तिने काही खाल्लं नसेल. मग सावकाश वाच. सातवीपर्यंत आपण एका बाकावर होतो, माझं अक्षर तुला लागतं.

पत्र कशाला, फोन होता की, असं म्हणशील. फोनवर तुझा आवाज आला की मी खोटं बोलते, निता. सवयच लागली आहे. मागच्या रविवारीही तेच केलं. तू विचारलंस, रविना कुठाय, आणि मी म्हटलं, पोरींसोबत खेळायला गेली. तू म्हणालीस, "मले इसरली का वं पोरगी?" मी हसण्यावारी नेलं. पोरगी तेव्हा माझ्या मांडीला टेकून बसली होती. फोन आल्या आल्या तिच्या कानाला लावला होता, तर तिने मान फिरवली. ती का फिरवली, ते सांगायला हे पत्र.

दिवाळीनंतर तुमचा ट्रक गेला आणि दुसऱ्या दिवसापासून रविना माझ्या अंगणवाडीच्या दारात पिशवी घेऊन बसायला लागली. आत यायची नाही, खिचडीला हात लावायची नाही. त्याच आठवड्यात मी मानोऱ्याहून फुटबॉलच्या खेळाडूचं एक चित्र झेरॉक्स करून आणलं होतं. पाय उचलून चेंडू मारणारा, आत सगळा कोरा. पोरांनी रंगवायचं, कापायचं, जुन्या लग्नपत्रिकेवर चिकटवायचं. पाय वेगळा कापून दोऱ्याच्या गाठीने जोडायचा, मागून दोरी ओढली की खेळाडू लाथ मारतो. तांड्यात कुणी फुटबॉल पाहिलेला नाही. गेल्या साली शाळेला एक मिळाला होता, तो दोन दिवसांत बाभळीच्या काट्याने गेला. पण त्या लाथ मारणाऱ्या कागदावर पोरं वेडी झाली.

रविनाही आत आली. तिच्या पहिल्या खेळाडूच्या सदऱ्याला जमनाबाईंच्या जुन्या कांचळीचे, त्या आरसेवाल्या चोळीचे, आरसे लागले. तुझ्या सासूबाईंनी स्वतः उसवून दिले, यावरून काय ते समज. दुसरा गोलकीपर. त्याच्या हातात कोयता काढला. मी म्हटलं, खेळाडूच्या हातात कोयता नसतो बाई. तर म्हणे, "मंग दिवसभर करते काय तो?"

मला वाटलं, जिंकलं. आणि तिथेच मी माती खाल्ली. खिचडीचा घास भरवता भरवता तिला म्हटलं, "फुटबॉलमध्ये अकरा खेळाडू असतात. तुझे अकरा पुरे झाले की सामना लावू. सामना पाहायला तुझी याडी येईल."

निता, तू येशील असं सांगताना मी हिशोब केला होता. पोर साडेपाच वर्षांची, एका खेळाडूला दीड आठवडा लावेल, अकरा होईपर्यंत होळी जवळ येईल. तोवर तुमचा हंगाम सरत येतो, रामनवमीला पोहरादेवीला तर तुम्ही असताच. म्हणजे खोटं आपोआप खरं होईल. तिने एकोणीस दिवसांत अकरा केले. घरी नेऊन, चुलीपुढे बसून.

अकराही दोरीला टांगून ती दारात उभी राहिली. "बाई, झाले." मी तिथेच खरं बोलायला हवं होतं. मी त्यातला एक उचलला आणि म्हटलं, "याचा रंग रेघेबाहेर गेलाय. हा धरता येणार नाही, पुन्हा कर."

तिने केला. मग मी दुसरा काढला. मग तिसरा. महिनाभर मी हे करत होते. पोर जेवत होती, रडत नव्हती, रोज येत होती, आणि तुला फोनवर मी सांगत होते की तिचं मन रमलं. चित्रकलेत हुशार निघाली, असंही एकदा म्हणाले. तेवढं खरं होतं.

त्या रविवारी तुझा फोन ठेवल्यावर मी तिला विचारलं, याडीशी काहून नाही बोललीस. ती खाली पाहत म्हणाली, "माये अजून नीट नाई झाले." थोड्या वेळाने म्हणाली, "बाई, माया रंग बाहीर जाते म्हून याडी नाई येऊन राह्यली का?"

म्हणजे ती तुला विसरली नव्हती. तुझ्यापुढे तोंड दाखवायची तिला लाज वाटत होती. तू येत नाहीस ते आपल्याच हातामुळे, असं ती महिनाभर धरून बसली होती, आणि ते मी तिला शिकवलं.

आणखी एक आहे. तिला आजीजवळ ठेवून जा म्हणून मी दसऱ्यापासून तुझ्या मागे लागले होते. फडावरच्या झोपडीत, कोपीत, पोरांचे हाल होतात, तिचं शिक्षण बुडेल, असं म्हणाले. ते खोटं नव्हतं. पण पट आणखी घसरला तर तांड्यावरची अंगणवाडी गावातल्या अंगणवाडीला जोडणार, असं कानावर आलं होतं, आणि माझ्या नोकरीचं काय होणार ते कुणी सांगत नव्हतं. तेही माझ्या मनात होतं. तू ट्रकमध्ये चढताना रडत होतीस आणि मी मनात पोरं मोजत होते.

काल जमनाबाईंना सगळं सांगितलं. त्या भडकल्या. "तूच म्हणे ना, उसात गेलं लेकरू परत पाटी धरत नाई? आता कायले धाडून राह्यली?" मी म्हटलं, "आई, पोर स्वतःला दोष देऊन राह्यली." त्या उठून तिच्या झग्यांच्या घड्या करायला लागल्या.

पिशवीत पाटी आहे, रंग आहेत, कोरे कागदही ठेवले आहेत. तिला पाचटाजवळ एकटी सोडू नकोस. ट्रॅक्टर मागे येत असेल तर हात धर. हे मी तुला सांगावं असं नाही, पण राहवत नाही. मी तिला शाळेपासून तोडून तिकडे पाठवतेय, हे मला कळतं. पुढच्या साली तिला पहिलीत घालायचं की सोबत न्यायचं, ते तू ठरव. मी आता तुझ्या दारात सांगायला येणार नाही.

एवढंच एक काम कर. काल मी तिला समोर बसवून सांगितलं, की बाईंनी खोटं सांगितलं होतं, तुझे सगळे खेळाडू पहिल्यापासून चांगले होते, तुझं काही चुकलं नाही. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग आता कोनता नीट करू?" माझ्या सांगण्यावर तिचा विश्वास बसत नाही, निता. तू सांग. रोज सांग.

तुझी मैत्रीण होते ती,
मंजुषा