रपट्याचा काना

३१ ऑगस्ट १९६२
काल पोळा. बैल झकास सजले होते. बायको नाल्यात पडली.

जरा सविस्तर लिहितो. प्रभावती माहेराहून, म्हणजे नाल्यापलीकडच्या बेलदरीहून, पुरणपोळ्यांची टोपली घेऊन येत होती. ऐन मधात पाय घसरला. पोळ्या वाहून गेल्या. सारं सावरखेडा काठावर उभं, लोक हसले. मीही हसलो. तेवढं नको होतं.

लगेच सरपंच या नात्यानं जाहीर केलं की पुढच्या पोळ्याच्या आत नाल्यावर रपटा बांधतो. पूल नाही, पूल म्हणजे मोठा खर्च. साधा दगडी रपटा. वरून पाणी वाहत असलं तरी माणूस पोटऱ्या भिजवून पार होते. प्रभावतीनं ओलं लुगडं पिळलं आणि म्हणाली, "आता येईन ते रपट्यावरूनच येईन." आज सकाळी बेलदरीला निघून गेली.

चिंता नाही. मे महिन्यापासून जिल्हा परिषद सुरू झाली. सत्ता आता मुंबईत नाही, दिल्लीत तर नाहीच. सत्ता गावात आली, आणि गावात म्हणजे माझ्याकडं. दिवाळीच्या आत रपटा.

१० सप्टेंबर
पंचायतीची मीटिंग. रपट्याचा ठराव एकमतानं पास. ग्रामसेवक डोमाजीचं अक्षर मोत्यासारखं. पंचांपैकी एक जण म्हणाला, ठराव कायले वर पाठवता, नाल्यातच गोटे पडले आहेत, आपणच रचू. त्याला समजावलं की ही रीत जुनी झाली, आता योजना असते. मग विकेंद्रीकरणावर भाषण केलं. आई, म्हणजे आमची रुखमाबाई, ओट्यावरून ऐकत होती. तिला त्यातलं 'विके' एवढंच कळलं, घरी आल्यावर विचारते, "आता काय इकून राह्यला रे?"

अशिक्षितांना वेळ लागतोच.

२६ सप्टेंबर
डोमाजीला घेऊन ब्लॉकच्या ऑफिसात. साहेब खूष झाले. म्हणाले, असे जागृत सरपंच पाहिजेत. फक्त एक अडचण. नाल्याच्या मधोमध गावाची शीव आहे, अर्धा नाला आमचा, अर्धा बेलदरीचा. दोन पंचायतींचा मामला, तेव्हा प्रपोजल जिल्ह्याला जाईल. म्हणजे माझी फाइल मोठ्या ऑफिसात चालली. चांगलंच आहे.

आईनं विचारलं, सून कधी येते? सांगितलं, प्रक्रिया सुरू आहे.

१५ ऑक्टोबर
जिल्ह्याला जाऊन आलो. कारकून नवा, पुण्याकडचा. आपण मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आलो तेव्हापासून असे बरेच इकडं आले. त्यानं विचारलं, रपटा हा कोणता शब्द? मराठीत असा शब्द नाही. डोमाजी सांगू लागला की आमच्याकडं मध्यप्रदेशच्या टायमापासून हाच शब्द चालते. मी डोळ्यानंच त्याला गप्प केलं. सरपंच गावंढळ दिसायला नको. कारकून म्हणाला, तुम्हाला 'रपट' म्हणायचं असेल. मी म्हटलं, हो हो, तेच म्हणत होतो. त्यानं सगळ्या कागदांवरचा काना खोडला. किती नेटका माणूस!

एसटीत डोमाजी कुरकुरत होता की रपट म्हणजे रिपोर्ट होते. मी म्हटलं, "डोमाजी, एका कान्यानं रपटा पडत नसते."

बरोबर बोललो. वाक्य भाषणात वापरीन.

१८ नोव्हेंबर
दिवाळी आली आणि गेली. रपटा झाला नाही, त्याला चीन कारण. लढाईमुळं दिल्लीहून हुकूम आले, नवीन कामं बंद. हिमालयातल्या भानगडीनं आमचा नाला अडला. एवढ्या मोठ्या कारणानं काम अडावं, यातही गावाचा मान आहे. प्रभावतीला निरोप पाठवला. तिनं उलट निरोप धाडला की चीन आमच्या नाल्यापर्यंत आला तर कळवा, त्याचेही पाय भिजतील.

तिकडची हवा तिला मानवत नाही असं दिसते.

२ डिसेंबर
आई सुनेला भेटायला बेलदरीला गेली. दोन दिवसांत येते म्हणाली. पिठलं केलं. खालून करपलं, वरून कच्चं. फाइल जिल्ह्यातून मुंबईला गेली.

२० जानेवारी १९६३
आई अजून तिकडंच. पिठलं आता फक्त करपते, कच्चं राहत नाही.

नाला कोरडा ठाक पडला. मला एकदम सुचलं, आता रपट्याची गरजच काय? स्वतः चालत बेलदरीला गेलो, प्रभावतीला म्हटलं, चला, पायाला पाणीही लागत नाही. तिनं चहा दिला, पोहे दिले. मग म्हणाली, "नाला कोरडा झाला, तुमचा शब्द कोरडा होऊ देता काय?" बाजूला बसलेली आई सुपारी कातरत हसत होती. घरची माणसं फितूर झाली की राज्य करणं कठीण.

आल्या वाटेनं एकटाच परत.

९ एप्रिल
बेलदरीजवळच्या तांड्याचे नायक प्रेमसिंग आले. कधीकाळी बैलांवर माल लादून फिरणारी ही माणसं, आता तिथंच शेती करतात. त्यांचं म्हणणं, तांड्यानं काल झाडाखाली बसून ठरवलं, आजपासून दगड रचतो. शिवेपर्यंत त्यांचा अर्धा, शिवेपासून आमचा अर्धा. तुमची माणसं द्या, पावसाच्या आत सारं होते.

मी शांतपणे नकार दिला. प्रपोजल विचाराधीन असताना गावानं दगडाला हात लावला की प्रपोजल बाद होते. शिवाय झाडाखाली ठरलेल्याला जावक नंबर नसते. प्रेमसिंग उठले. मग म्हणाले, ठीक आहे, आमी आमचा करतो. जाताना पाणी मागितलं. माठ रिकामा होता.

३० मे
पलीकडून दगडांचा आवाज येते. पाहायला गेलो नाही. कुणी सांगते, प्रभावतीही डोक्यावर गोटे वाहून राह्यली. सरपंचाची बायको! मन उगाच खट्टू झालं. बेकायदेशीर कामावर ती आहे म्हणून असेल.

१२ जुलै
मुंबईहून पत्र! "आपल्या मागणीनुसार नाल्याची सविस्तर रपट मंजूर." मंजूर! डोमाजीनं पत्र वाचलं आणि खिडकीबाहेर पाहत बसला. मी त्याला म्हटलं, बघ, वर आपलं कुणी ऐकत नाही म्हणत होतास. गावात पेढे वाटले.

नाल्याला पाणी चढलं आहे. पलीकडून अर्धा रपटा झाला, दिसते इथून. मधेच संपते. वेडगळ दिसते.

१९ ऑगस्ट
पोळा. दुपारी जीपमधून एक शिपाई आला आणि लाल कपड्यात बांधलेलं गाठोडं देऊन गेला. वर लिहिलेलं : सावरखेडा नाल्याची रपट.

आत दगड नव्हते. पानं होती. पावसाळ्यात नाल्याला पाणी असते. उन्हाळ्यात नसते. पाणी असताना ओलांडण्यास अडचण होते. नकाशाही छान. शेवटच्या पानावर लिहिलेलं की ओलांडण्याची सोय करण्याचे अधिकार ग्रामपंचायतीस पहिल्यापासूनच आहेत, तिने वर विचारण्याचे कारण नव्हते.

डोमाजीनं आवक वहीत मोत्यासारख्या अक्षरात नोंद केली : रपट मिळाली.

गाठोडं काखेत मारून नाल्यावर गेलो. समोरून प्रभावती येत होती, डोक्यावर पोळ्यांची टोपली, मागं प्रेमसिंग. तिच्या अर्ध्यावरून शिवेपर्यंत आली आणि थांबली. पाणी तिच्या पोटऱ्यांवरून चाललं होतं. म्हणाली, "माझा अर्धा झाला. तुमचा कुठं आहे?"

मी गाठोडं वर धरून दाखवलं. शेवटचं पान मोठ्यानं वाचलं. काय करावं सुचेना म्हणून वाचलं.

ती म्हणाली, "मंग?"

धोतर खोचलं आणि उतरलो. दोन पावलं ठीक गेली, मग पाय घसरला. रपट वाहून गेली. दोन्ही काठ हसले. प्रभावती सगळ्यांत जास्त हसली, टोपली डुलेपर्यंत. प्रेमसिंगांनी बखोट धरून मला त्यांच्या अर्ध्यावर ओढून घेतलं.

हसताना ती छान दिसते. वर्षभर पाहिली नव्हती.

२१ ऑगस्ट, मुक्काम बेलदरी
वही कोटाच्या खिशात होती, काल दिवसभर चुलीजवळ वाळवली, मग परवाचं लिहून काढलं. परवापासून पाऊस थांबला नाही. नाला दोन्ही काठ भरून चालला आहे. तांड्याच्या अर्ध्यावरून जाता येते, पुढं आमच्या हद्दीत काहीच नाही. माझी पंचायत समोर दिसते, पण जाता येत नाही. पोळ्या मात्र चार दिवस पुरतील इतक्या आहेत.

सासऱ्यांचं धोतर नेसून बेलदरीच्या पंचायतीत रीतसर तक्रार द्यायला गेलो. ते म्हणाले, आमचा अर्धा पुरा आहे. राहिलेला अर्धा सावरखेड्याचा, तिथल्या सरपंचाले भेटा.

घरी येऊन प्रभावतीला सांगितलं. ती पोळीवर तूप घालत होती. म्हणाली, "तो भेटत नसते. सासुरवाडीला गेला म्हणतात."