कोपरा उघडा राहिलेल्या वाकळीबाबत

दिनांक ११ मार्च २०२५, मंगळवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी माझ्या दिवंगत बहिणीची, लीलाची, अर्धवट वाकळ सांगलीच्या सामाईक गोदामातून अनोळखी गिऱ्हाइकाकडे रवाना झाली. म्हणून आधीचं मृत्युपत्र रद्द करून हे लिहीत आहे.

मी, मंगल केरबा शिंगटे, वय ६९, राहणार सातारा, टपाल खात्याच्या पार्सल खिडकीवरून निवृत्त. डोकं ठिकाणावर आहे. राग आहे, पण डॉक्टर तो आजार मानत नाहीत.

१. घर आणि बँकेतली ठेव लीलाची मुलगी अंकिता हिला.

२. सांगलीच्या चंदनबालाची हळद, इस्लामपूरच्या संयोगिताचा गूळ, आमच्या वाकळी. तिघींची ऑनलाइन दुकानं वेगळी, माल एकाच रॅकवर. खोकं एक, कुरिअरचा खर्च तिघींत. "रॅकवरचा माल तिघींचा, ऑर्डर येईल तिने पाठवावा, विचारत बसायचं नाही," हा नियम मीच लिहिला, शाळेत नन्सनी वळण लावलेल्या अक्षरात, आणि चौकटीत बसवून गोदामात टांगला. माझा वजनकाटा आणि लेबलांचा प्रिंटर संयोगिताला. चंदनबालाला नियमाची ती चौकट. रोज वाचावी.

३. आमच्या घरी वाकळीचा शेवटचा कोपरा शिवण्याआधी आत भाकरीचा तुकडा ठेवतात. वाकळीचं पोट रिकामं राहू नये म्हणून. लीला त्याआधीच गेली. दवाखान्यात म्हणाली, "सुईला गंज चढायच्या आत शिव गं. आन् टाके बारीक घाल, तुझा हात लय जड हाय." माझ्याने झालं नाही. घरात ती वाकळ बघवेना, म्हणून मीच ती सुईसकट रॅकवर नेऊन ठेवली. चिठ्ठी लावली नाही. जन्मभर लोकांच्या पार्सलांवरच्या चिठ्ठ्या तपासणारी मी.

चंदनबालाला फोन केला. म्हणाली, "आवं मंगलताई, वाकळीची ऑर्डर हुती, रॅकवर तेवढी एकच हुती, दिली. नियम तुमचाच न्हवं?"

"आणि सुई? त्या माणसाला टोचली असेल!"

"तक्रार तर आली न्हाई."

पत्ता मागितला, तर गिऱ्हाइकाचा पत्ता दुसरीला दाखवायचा नाही, हाही माझाच नियम निघाला.

४. माझ्या अंगावर शेवटचं पांघरूण तीच वाकळ असावी. कोपरा मी शिवीन, भाकरी घालून. ती आली नाही, तर अंकिताने दुसरं काहीही घालू नये. मला तशीच न्यावी.

५. याची प्रत चंदनबालाला रजिस्टर पोस्टाने जात आहे. वाकळ परत मागितली का, आणि नसेल तर का नाही, याचं लेखी उत्तर मला ३० एप्रिल २०२५ रोजी सायंकाळी पाचच्या आत मिळावं. फोन चालणार नाही. सुई गंजते आहे.

सही: मंगल केरबा शिंगटे
साक्षीदार: १. दिग्विजय गुंडा माने (सही) २. ब्राह्मी अजितकुमार चौगुले (सही)
सातारा, २ एप्रिल २०२५