आईच्या सत्काराची हकीकत

तीर्थरूप बाबा,

तुम्हा दोघांना इथूनच वाकून नमस्कार.

सत्कार थाटात झाला. सभागृह भरलं होतं. आईच्या वतीने शाल मी घेतली. तिला एवढंच वाचून दाखवा, पुढचं तुमच्यापुरतं ठेवा.

भाषण चिमणीने केलं. आपल्याच घरी राहून, आईच्या हातचं जेवून गाणं शिकली, तीच. म्हणाली, "बाईंकडे मी सुरुवातीला थोडंफार गिरवलं." गायली मात्र आईनेच बसवून घेतलेली बंदिश, हरकतींसकट.

नंतर मी तिला गाठलं. म्हटलं, "आईची वाचा गेलीय, पण ऐकू येतं. एकदा तिच्यासमोर येऊन गा."

"बाईंना तशा अवस्थेत मला बघवणार नाही गं," म्हणाली. आणि लगेच, "त्यांचा तानपुरा आता पडूनच असेल ना?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पडून नाही," म्हटलं. "बाबा रोज जुळवून आईच्या उशाशी छेडतात."

तुमचा गुडघा कसा आहे? आई नीट जेवते ना?

ती खुणेने चिमणीचं विचारेलच. तुझी आठवण काढून रडली, असं सांगा. खोटं बोलल्याचं पाप माझ्या माथी.

तुमची,
धाकटी