लोखंडी खोलीतला दुसरा श्वास

२ फेब्रुवारी १८६३, म्युनिक

आईच्या स्वयंपाकघराची खिडकी आठवली आज. थंडीच्या दिवसांत मी आणि कोर्बी काचेला नाक लावून 'हाऽ' करायचो. ज्याच्या वाफेचा डाग जास्त टिकेल तो जिंकला. हरणाऱ्याने आपली सफरचंदाची फोड द्यायची. मी थोरली, म्हणून मुद्दाम हरायचे. ते त्याला कळायचं, आणि तो अर्धी फोड परत द्यायचा.

तोच कोर्बी आता डोक्यावर केस नसलेला, पुस्तकं बांधणारा माणूस. माझा नवरा गेल्यापासून आम्ही दोघंच या घरात. आज सूप पिता पिता म्हणाला, "ताई, प्रोफेसर थालहाउझर माणसाचा श्वास मोजतात. त्यांच्या लोखंडी खोलीत मी बसणार आहे. एक दिवस आणि एक रात्र."

"कशाला?"

"विज्ञानासाठी."

विज्ञान! प्रोफेसरांची पुस्तकं बांधण्यापलीकडे याचा विज्ञानाशी संबंध काय? मोबदला काय म्हणून विचारलं, तर काही नाही. चामड्याच्या कातरणीसाठी घासाघीस करणारा माणूस फुकट कोंडून घेतोय.

काहीतरी आहे यात.

३ फेब्रुवारी

संत ब्लासियसचा दिवस. गळ्याचा संत. पाद्रीबाबांनी दोन मेणबत्त्यांची फुली करून एकेकाच्या गळ्याशी धरली. माझी पाळी आली आणि नेमकी तेव्हाच ढास लागली. थांबेचना. मागे रांग खोळंबली. देवळात ओल फार.

मंतरलेल्या दोन छोट्या मेणबत्त्या आणल्या. एक खणात ठेवली. दुसरी कोर्बीच्या कोटाच्या अस्तरात शिवून टाकली.

"ताई, हे काय टोचतंय?"

"टोचू दे. तुझ्या गळ्यासाठी आहे."

हसला नाही. नाहीतर अशा गोष्टींवर दिवसभर चेष्टा करतो.

५ फेब्रुवारी

ती खोली बघून आले. पत्र्याचं मोठं कपाट म्हणावं तशी. आत खाट, खुर्ची, मेज. एक खिडकी. खाली वाफेचं इंजिन पंप चालवतं, तो पंप आतली हवा नळीतून ओढून शेजारच्या खोलीतल्या मापकात नेतो. तिथे डॉक्टर ओटमार बसतात. प्रोफेसरांचे मदतनीस. लठ्ठ, आणि सारखी पेन्सिल चावायची सवय.

"घाम, लघवी, श्वास, काही वाया जाऊ देत नाही आम्ही," ते म्हणाले.

"आमच्या घरी गेलं वाया तरी चालतं," मी म्हटलं. "पंप बंद पडला तर?"

"पडत नाही."

"मी काय विचारलं?"

"तर दार उघडू, बाई. दाराला बाहेरून कडी आहे, कुलूप नाही."

कडी तरी कशाला लागते?

तिथला जिना भलताच उभा. दोनदा टेकावं लागलं. यांना धड जिना बांधता येत नाही, आणि म्हणे श्वास मोजतात.

८ फेब्रुवारी, रविवार

आपण होऊन प्रोफेसर आमच्याकडे कॉफीला आले. एवढा मोठा माणूस! कार्निव्हलचे दिवस, म्हणून जर्दाळूचा मुरंबा भरलेले क्रापफन तळले होते. तीन खाल्ले. सोबत एक डबा आणला होता, पाण्यात उपडा घातलेला, त्याला नळी. फुंकलं की डबा वर येतो. सगळ्यांनी फुंकून बघा म्हणाले, गंमत म्हणून.

कोर्बीने चांगला उचलला. दूध घेऊन वर आलेल्या आमच्या दूधवालीने, वालबुर्गानेही, हात पुसून एक फुंकर मारली. तिचा डबा तर उडून पडतो की काय असं झालं. माझा जेमतेम हलला.

"झेन्झीबाई, फुंकताय की डब्याची माफी मागताय?" वालबुर्गा म्हणाली.

मी हसले. आम्हा कॉन्व्हेंटच्या मुलींचं असंच. सिस्टर अलोयसिया म्हणायच्या, मुलीचा श्वास शेजारणीलाही ऐकू येता कामा नये. किती गोड बाई. चुकलं की आधी रागवायच्या, मग खिशातून बडीशेप द्यायच्या.

प्रोफेसर मात्र हसले नाहीत. त्यांनी कोर्बीकडे बघितलं, कोर्बीने टेबलाकडे. मग मला विचारतात, "झोपताना उशा किती घेता?"

परक्या बाईला विचारायचा प्रश्न आहे हा? या दोघांचं काहीतरी शिजतंय. मला अडाणी समजतात.

१० फेब्रुवारी

कोर्बी आत गेला. त्याचा पाइप काढून घेतला. दार लागलं, बाहेरून कडी पडली.

मी काचेशी जाऊन उभी राहिले. काय वाटलं कोण जाणे, 'हाऽ' केलं. त्यानेही आतून केलं. त्याचा डाग राहिला, माझा कधीच गेला.

या वेळी मी मुद्दाम हरले नव्हते.

११ फेब्रुवारी

बाहेर आला. धडधाकट. आल्या आल्या सॉसेज आणि दोन पाव खाल्ले.

पण ओटमार आमच्या घराच्या दारापर्यंत मागे आले, लालबुंद. आतून निघालेला दूषित वायू एका माणसाचा असूच शकत नाही म्हणे. "आत दोन जण श्वास घेत होते का, कोर्बिनियन महाशय?"

कोर्बी कोटाची बटणं लावत राहिला.

"उंदीर असेल," वालबुर्गा जिन्यावरून म्हणाली.

"तर मग बैलाएवढा असेल," ओटमार म्हणाले आणि निघून गेले.

म्हणजे आत काहीतरी भलतंच सोडलं होतं यांनी. आता दोष माझ्या भावावर ढकलताहेत.

१२ फेब्रुवारी

कोर्बी माझ्याकडे बघत राहतो. मी बघितलं की नजर वळवतो. त्याला काहीतरी झालंय, आणि ते त्या प्रोफेसरला ठाऊक आहे.

१४ फेब्रुवारी

कोट झाडत होते. अस्तर उसवलेलं. आत नुसती काळी वात आणि मेणाचा ठिपका.

"तू ती आत पेटवलीस?"

"पाइप मागितला त्यांनी. काड्या कोणी मागितल्या नाहीत. ओटमार मापकापाशी होते, मी खाटेच्या आडोशाला लावली. संपूर्ण जळू दिली."

"अरे, म्हणून त्यांचे आकडे चुकले! आणि ती जाळायची नव्हती, अंगावर ठेवायची होती. तुझ्या गळ्यासाठी."

"माहीत आहे, ताई."

"मग भीती वाटली का आत?"

"हो."

कशाची, ते सांगेना. लहानपणी चिमणी मेली तेव्हा जसा बसला होता तसाच बसून राहिला. मी केसांवरून हात फिरवायला गेले, केस कुठे आहेत? दोघंही हसलो. मला हसता हसता ढास लागली, तसा तो उठून बाहेर गेला.

१६ फेब्रुवारी

कोर्बीने मेणबत्तीचं कबूल केलं. तेवढी वजा केल्यावर आकडे जुळले म्हणे. ओटमार रागावले, आणि प्रोफेसरांनी त्याला पुन्हा आत बसायला बोलावलंय. हा लगेच हो म्हणाला!

बस झालं. उद्या मीच जाते. सरळ विचारते, माझ्या भावाला काय झालंय ते सांगा. आणि यापुढे तो तुमच्या पेटीत बसणार नाही.

१८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

कोर्बीला काही झालेलं नाही.

पैसे नको म्हणून त्याने प्रोफेसरांना एकच अट घातली होती: माझ्या बहिणीला तपासा, पण तिला घाबरवू नका. काल त्यांनी माझ्या पाठीला कान लावला. मी लावू दिला. पुढचा हिवाळा बघेन असं त्यांना वाटत नाही. मीच खोदून विचारलं, म्हणून सांगितलं. मेणबत्ती माझ्यासाठी जळत होती.

माझ्यामागे वालबुर्गाला क्रापफनची कढई. शाळेतलं फ्रेंच प्रार्थनापुस्तक सिस्टर अलोयसियांच्या मठाला. माझ्या चारही उशा प्रोफेसरांच्या कोणा रोग्याला. खणातली दुसरी मेणबत्ती डॉक्टर ओटमारना, या वेळी मोजून जाळायला.

कोर्बीला घर, ही वही आणि दर हिवाळ्यात एक सफरचंद. अख्खं. अर्धं परत द्यायचं नाही.